टायरचा पंप लावल्यापासून गाडीतलं चार्जिंग सॉकेट बंद पडलंय. फ्यूज उडाला असेल तर तो स्वतः कसा शोधायचा आणि बदलायचा?

तुम्ही लिहिलंय की टायरमध्ये हवा कमी वाटली म्हणून छोटा पंप सॉकेटला लावला, तो थोडा वेळ चालून गप्प झाला आणि तेव्हापासून मोबाइल चार्ज होत नाही. गॅरेजवाला म्हणतोय, वायरिंगचा अख्खा हार्नेस, म्हणजे एकत्र बांधलेल्या वायरींचा जुडगा, बदलावा लागेल. हार्नेसला इतक्यात हो म्हणू नका. तुमच्या वर्णनावरून फ्यूज उडालाय असंच वाटतं आणि तो तुम्ही बिल्डिंगखाली गाडी उभी करून स्वतः बदलू शकता.

सॉकेटच्या झाकणावर बघा, बहुतेक गाड्यांत १२ व्होल्ट, १२० वॅट असं छापलेलं असतं. म्हणजे १० अँपिअर. मोबाइलचा चार्जर त्यातले जेमतेम एक-दोन घेतो. टायरचा पंप मात्र हवेचा दाब वाढेल तसा जास्त करंट ओढतो आणि टायर भरत आला की १० च्या पुढे सहज जातो. तेव्हा गाडी बिघडलीय असं नाही. फ्यूजने त्याचं काम चोख केलंय.

पाने हातात घेण्याआधी, सॉकेटबरोबर आणखी काय बंद पडलंय ते पाहा. काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम किंवा साइड मिररची मोटर त्याच फ्यूजवर असते. तेही गेलं असेल तर फ्यूजच, फारशी शंका नको. एकटं सॉकेट गेलं असेल तर आधी त्यात टॉर्च मारा. टोलचे सुट्टे पैसे किंवा चॉकलेटची चमकी आत पडून शॉर्ट झालेलं मी पाहिलंय. असं काही दिसलं तर फ्यूज काढल्यावरच ते बाहेर काढा, तेही प्लास्टिकच्या काडीने.

आता फ्यूज बॉक्स. साधारण दोन असतात. एक बोनेटखाली बॅटरीजवळ काळा डबा असतो, त्यात हेडलाइट, हॉर्न, रेडिएटर फॅन अशी जड मंडळी. दुसरा आत, बहुतेक ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्यासमोर डॅशबोर्डखाली, एका झाकणामागे. तुमचा फ्यूज बहुधा आतल्या बॉक्समध्ये सापडेल. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये कुठला फ्यूज कशाचा याचा नकाशा असतो. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर सहसा पीडीएफ मिळते. त्यात ‘चार्जिंग’ शोधत बसू नका, कित्येकांची दमछाक इथेच होते. ते सॉकेट मुळात सिगारेट लायटरचं, त्यामुळे नकाशावर ते ‘सिगार’, ‘लायटर’ नाहीतर ‘पॉवर आउटलेट’ अशा नावांच्या लघुरूपाने असतं.

गाडी बंद करा, किल्ली काढून घ्या. बॉक्समध्ये किंवा झाकणाला प्लास्टिकचा छोटा चिमटा अडकवलेला असतो, त्यानेच फ्यूज धरून सरळ बाहेर ओढा. चिमटा नसेल तर लहान नोज प्लायर चालतो. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, शेजारच्या पट्ट्यांना टोक लागलं तर नवाच शॉर्ट व्हायचा. आणि एका वेळी एकच फ्यूज काढा, म्हणजे अदलाबदलीचा प्रश्नच येत नाही.

काढलेला फ्यूज लगेच फेकू नका. उजेडासमोर धरा. रंगीत पारदर्शक प्लास्टिकच्या आत दोन पायांना जोडणारी धातूची बारीक कमान दिसेल. कमान मधोमध वितळून फट पडली असेल, टोकाला चांदीसारखा बारीक गोळा असेल आणि प्लास्टिक स्वच्छ असेल, तर जास्त भार पडून तो हळूहळू गेलाय. तुमच्या पंपाचं हेच झालं असणार. पण आतून काळा धूर बसलेला असेल आणि कमानीचा मोठा तुकडाच गायब असेल, तर तो झटक्यात उडालाय, म्हणजे कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढे काय करायचं ते इथेच ठरतं. कधीकधी तडा इतका बारीक असतो की डोळ्याला दिसत नाही. अशा वेळी मल्टिमीटर (वीज तपासायचं छोटं मीटर) कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड सलग असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर लावून दोन पायांना टोकं टेकवा, बीप आली तर फ्यूज चांगला. फ्यूज न काढताही तपासता येतं : त्याच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात. किल्ली ऑन करा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळं टोक गाडीच्या उघड्या धातूला आणि लाल टोक एकेका ठिपक्याला टेकवा. दोन्ही ठिपक्यांवर १२ व्होल्टच्या आसपास आले तर फ्यूज ठीक, एकावरच आले तर उडालेला. दोन्हींवर शून्य असेल तर तिथवर वीजच पोचत नाहीये.

नवा फ्यूज त्याच नंबरचा हवा, याबाबतीत मी कुणालाही सूट देत नाही. हा अँपिअरचा नंबर डोक्यावर कोरलेला असतो आणि रंगही ठरलेले आहेत : १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा पारदर्शक, ३० हिरवा. काढलेल्या फ्यूजवरचा नंबर नकाशाशी ताडून बघा, कारण आधीच्या कुणीतरी भलताच बसवलेला असू शकतो.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. फॉगलॅम्प बसवणाऱ्याने १५ चा फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे ३० चा घालून दिला. महिनाभर सगळं छान चाललं. मग एका पावसाळी संध्याकाळी गाडीत जळका वास यायला लागला. मी डॅशबोर्डखालचं प्लास्टिक काढलं, तर तीन वायरींचं कव्हर वितळून एकमेकांत मिसळलं होतं, रंग ओळखू येत नव्हते. हिरवा फ्यूज मात्र शाबूत होता. वायर १५ अँपिअरच्या हिशोबाने घातलेली असते. मोठा फ्यूज लावला की आधी वायर जळते. जुन्या चाळींतल्या चिनी मातीच्या फ्यूजला तार गुंडाळायची सवय आपल्या हाताला आहे, तीच गाडीत येते. तार, सिगारेटच्या पाकिटाची चांदी, ‘डायरेक्ट करून देतो साहेब’, यातलं काहीही चालू देऊ नका. गाड्या अशाच पेटतात.

रस्त्यात अडलात आणि जवळ स्पेअर नसेल, तर त्याच नंबरचा फ्यूज बिनमहत्त्वाच्या जागेवरून, समजा म्युझिक सिस्टिमचा, काढून तात्पुरता लावा. वायपर किंवा हेडलाइटसाठी हे करणं भागच पडतं. मुंबईच्या पावसात हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात वायपर बंद पडून थांबण्यापेक्षा गाण्यांशिवाय घरी गेलेलं बरं.

आकारही बघून घ्या. मिनी आणि साधा असे दोन तर सर्रास दिसतात, आणखीही आहेत. भलत्या आकाराचा दाबून बसवला तर खाचा सैल होतात आणि तिथे ताप धरतो. दुकानात जुना फ्यूज दाखवूनच नवा घ्या. मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्पेअरच्या दुकानांत किरकोळ पैशांत मिळतो. ठाऊक असलेल्या कंपनीचाच घ्या, कारण हलका माल नंबरापेक्षा कितीतरी जास्त करंट जाऊनही उडत नाही. लॅमिंग्टन रोडला साधा मल्टिमीटरही स्वस्तात मिळेल.

नवा फ्यूज बसवलात, किल्ली ऑन केली, मोबाइल चार्ज व्हायला लागला, की झालं. यापुढे सॉकेटच्या वॅटमध्ये बसणारा पंप वापरा, नाहीतर थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा घालू नका. सॉकेटमध्ये काहीच लावलेलं नसताना उडत असेल तर वायरमध्ये किंवा सॉकेटमध्येच शॉर्ट आहे. पंप लावल्यावरच उडत असेल तर दोष पंपाचा. मुंबईत पावसाळ्यात गटारातले उंदीर बोनेटच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात, तेव्हा लेंड्या किंवा कव्हरचे तुकडे दिसतात का तेही बघा. गाडीत पायाशी पाणी शिरलेलं असेल तर मात्र फ्यूजला हातच लावू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि वायरमनला बोलवा. एअरबॅगचा फ्यूज, बॅटरीजवळचे बोल्टने कसलेले मोठे फ्यूज, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल, ही आपली कामं नव्हेत.

गॅरेजवाल्याकडे परत जायची वेळ आलीच, तर उडालेला फ्यूज खिशात ठेवा आणि त्याला विचारा, हार्नेसमधली नेमकी कुठली वायर खराब आहे ते मीटर लावून दाखव. एक वायर खराब असेल तर चांगला वायरमन तेवढीच बदलून देतो.