नर्सरीच्या नाताळातल्या आठवडी पत्रकात सगळं 'खूप मजा केली' एवढंच का असतं? यातून मूल काही शिकतं का?

प्रश्न विचारणाऱ्यांनी खाली तपशील दिलाय : पुण्याहून गोव्यात पर्वरीला येऊन सहा महिने झाले, मुलगी साडेतीन वर्षांची, नर्सरीतून दर शुक्रवारी व्हॉट्सॲपवर आठवड्याच्या घडामोडी येतात. डिसेंबर लागल्यापासून रेड डे, क्रिब (येशूजन्माचा देखावा), कॅरल (नाताळची गाणी), सांता, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'मुलांनी खूप मजा केली'. सांतासोबतच्या फोटोचे वेगळे पैसेही मागितलेत. यातून मूल काही शिकतं का, आणि घरी तिला काय विचारावं?

'खूप मजा केली' हे तीन शब्द वाचले आणि दुपारची झोप सोडून लिहायला बसले. याच तीन शब्दांवरून माझं एकदा कडाक्याचं भांडण झालंय. समोरचा ते विसरला असेल, मी विसरलेली नाही.

गोव्यातच फोंडा तालुक्यातल्या एका बालवाडीत मी बावीस वर्षं बाई होते, २०१८ साली सोडलं. आमची आठवड्याची खबर फळ्यावर जायची. गेटच्या आत, छपराखाली एक जुना लाकडी फळा होता. शुक्रवारी साडेअकराला मी त्यावर खडूने सात-आठ ओळी लिहायची. मुलांना न्यायला येणाऱ्या बहुतेक आज्याच. त्या उभ्या राहून वाचत, जिला वाचता येत नसे तिला दुसरी वाचून दाखवी. थापा मारायची सोयच नव्हती. नातू बोट धरून शेजारी उभा असायचा आणि लगेच म्हणायचा, 'ना गो आजये, तशें जावंक ना.' म्हणजे तसं झालंच नाही.

ही नोंदीची सवय मला ट्रेनिंगमध्ये लागली. आमच्या शिक्षिका ताराबाई मोडकांच्या पठडीतल्या. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला, १९४५ साली त्या आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ साली कोसबाडला. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडेनात, तेव्हा त्यांनी बिया, शिंपले, पानं, खडे यांवर काम चालवलं. आम्हाला बजावलेलं एकच : मुलाने काय केलं ते लिहा, तुम्हाला काय वाटलं ते घरी सांगा.

आता २०१२ चा डिसेंबर. गोव्यात डिसेंबर म्हणजे आधीच फाटका महिना. ३ तारखेला जुन्या गोव्याचं सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, सुट्टी. १९ ला गोवा मुक्तिदिन, सुट्टी. २४ पासून नाताळची सुट्टी. मध्ये उरतात ते मोजके दिवस, आणि बालवाडीत पोरं सव्वीस.

त्या वर्षी नाताळचं काय करायचं ते आमच्या मदतनीस बाईने सांगितलं. ती ख्रिस्ती, मुलं तिला आंटी म्हणत. तिच्या घरी दरवर्षी क्रिबमध्ये हिरवळ म्हणून नाचणी उगवत, आणखी पुष्कळ घरी उगवतात. म्हणाली, 'बाय, पोरांक नाचणी किल्लोवपाक दी, आनीक कितें जाय?' सोमवारी १० तारखेला प्रत्येक पोराला एक करवंटी दिली, तळाला माती, वर रात्रभर भिजवलेली मूठभर नाचणी, पाणी शिंपडायला बोटं. करवंटीवर ज्याची त्याची खूण : कुणाचा मासा, कुणाची छत्री, कुणाची नुसती रेघ. सत्ताविसावी करवंटी मी मुद्दाम कपाटात ठेवली आणि दार लावलं.

गुरुवारी मोड वर आले. पोरं सकाळी चप्पल काढायच्या आधी करवंटीकडे धावत. पुढच्या सोमवारी कपाट उघडलं. आतली नाचणी बाहेरच्यांपेक्षा लांब वाढलेली, पण फिकी पिवळी, लोळागोळा झालेली. सगळी गप्प. मग एक चार वर्षांचा पोरगा, जो सहसा तोंडच उघडत नसे, तिच्या अगदी जवळ नाक नेऊन म्हणाला, 'हिका कावीळ जाल्या.' त्याच्या आजोबांना दिवाळीच्या सुमारास कावीळ झालेली. मग सगळ्यांनी मिळून तिला औषध काय द्यायचं यावर चर्चा केली आणि तिला उन्हात नेऊन ठेवली. दोन-तीन दिवसांत हिरवी झाली. तो पोरगा त्या आठवड्यात रोज बोलला.

नखेत्राचं, म्हणजे नाताळात टांगतात त्या चांदणीच्या कंदिलाचं, तसंच. बांबूच्या काड्यांचं, पतंगाच्या कागदाचं नखेत्र ज्याने कधी बांधलंय त्याला ठाऊक आहे : पाच लांब काड्यांची एक चांदणी, पाच काड्यांची दुसरी, दोन्हींची टोकं एकमेकांना बांधायची आणि पोटात पाच आखूड काड्या आडव्या घालून ती फुगवायची. एकूण पंधरा. तीन-साडेतीन वर्षांच्या पोराला पंधरा मोजता येत नाहीत, पण एक काडी कमी पडली की नखेत्र चपटं बसतं हे डोळ्यांना दिसतं. एका पोराचे आजोबा आधी कुरकुरले, 'बाई, हें किरिस्तांवांचें न्हय?' मी म्हटलं, तुम्ही दिवाळीला आकाशकंदील बांधता तीच काडी, तोच कागद, तीच खळ, जरा धरा हे टोक. दुपारपर्यंत ते एकटेच बांधत होते आणि आम्हाला हात लावू देत नव्हते. नेवरीचंही (तुमची करंजी) तेच आहे म्हणा, गणेशचवथीला आमच्याकडे होते, नाताळाला शेजारच्या घरातून ताटात येते. आमच्या गावात यावर कधी कुणाचा धर्म बुडाला नाही. बाहेरून येणाऱ्यांना याची फार काळजी असते असा माझा अनुभव आहे. (तुम्हाला उद्देशून नाही, तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.)

आणि मग गुरुवारी, २० तारखेला, सांता आला.

ही कल्पना आमच्या अध्यक्षांची. त्यांना जानेवारीतल्या प्रवेशाच्या पत्रकासाठी फोटो हवे होते. त्यांचा भाचा कॉलेजात शिकत होता, त्याला भाड्याचा लाल पोशाख, कापसाची दाढी आणि वर पुठ्ठ्याचा हसरा मुखवटा. आमच्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा एकतीस-बत्तीसला जातो, त्यात तो जाड कपडा. पोरगा दरवाजातूनच घंटा हलवत 'हो हो हो' ओरडत आत शिरला. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, पोरांना तर नाहीच.

सव्वीसपैकी अकरा जण रडले. मी मोजले, कारण मोजायची सवय. दोघी बाकाखाली गेल्या, एकाची चड्डी ओली झाली. काविळीवाला माझ्या पदराला चिकटला तो सुटेना. फोटोग्राफर म्हणत होता, 'बाई, जरा हसतं तोंड करा त्यांचं.' साडेतीन वर्षांच्या मुलाला चेहरा म्हणजे माणूस. चेहऱ्यावर न हलणारं हसू चिकटवलं की त्याच्या लेखी माणूस गेला, दुसरंच काहीतरी आलं. हे कळायला पदवी लागत नाही.

फोटो झाले, अध्यक्ष आणि फोटोग्राफर निघून गेले. भाचा बिचारा घामाने निथळत पायरीवर बसला. आंटीने त्याला तांब्याभर पाणी दिलं. प्यायला म्हणून त्याने मुखवटा वर केला, दाढी हनुवटीखाली ओढली, आणि बाकाखालची एक पोरगी बाहेर आली. दोन पावलं पुढे, एक मागे. मग तिने दाढीला बोट लावलं. 'कापूस!' तिने मागे वळून बाकीच्यांना बातमी दिली. पाच मिनिटांत सगळी त्याच्याभोवती. त्याने दाढी काढून दिली, पोरांनी आळीपाळीने लावली, आरशात पाहिलं, काढली, परत लावली. काविळीवाल्याने लावली नाही, पण दुसऱ्याने लावली की ओळखायचा खेळ त्यानेच सुरू केला : 'हो तूंच!' माझ्या बावीस वर्षांतला हा सगळ्यात चांगला पाऊण तास. त्याचा एकही फोटो नाही.

शुक्रवारी मी फळ्यावर लिहिलं. मला ते तोंडपाठ आहे :

'नाचणी चार बोटे वर आली. कपाटातली नाचणी पिवळी पडली. एका मुलाचे मत : तिला कावीळ झाली. उन्हात ठेवल्यावर बरी झाली. नखेत्राला पंधरा काड्या लागल्या. काल सांता आला. अकरा मुले रडली. मग दाढी कापसाची आहे असे एका मुलीने शोधून काढले. सोमवारपासून सुट्टी. करवंट्या घरी नेणे, रोज पाणी देणे.'

पावणेबाराला अध्यक्ष आले. वाचलं. डस्टर सापडेना तेव्हा त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि 'अकरा मुले रडली' पासून पुढचं पुसलं. नाचणीचं ठेवलं. रिकाम्या जागी स्वतःच्या हाताने लिहिलं : 'मुलांनी सांताक्लॉजसोबत खूप मजा केली.' रुमाल झटकून घडी घातला. मी म्हटलं, हे खरं नाही. ते म्हणाले, 'बाई, पालक पैसे भरतात ते पोरं रडली हे वाचायला नव्हे. शाळेची बदनामी करता.' मी म्हटलं, पोरं रडतात, पोरांचं ते कामच आहे, पुढे काय झालं ते तुम्ही पुसलंत. शब्दाने शब्द वाढला. एवढ्यात एक आजी नातीचं बोट धरून आल्या, फळा वाचला आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, 'हिने तर काल घरी सांगितलं दाढी कापसाची म्हणून. ते का नाही लिहिलं?' अध्यक्ष गाडीत जाऊन बसले. जानेवारीच्या पत्रकात फोटो आलाच : मधोमध सांता, बाजूला न रडणारी सहा पोरं, कडेला माझ्या साडीचा काठ कापलेला.

आता तुमचा प्रश्न. यातून मूल काही शिकतं का? नाताळातून भरपूर शिकतं. 'खूप मजा केली' यातून तुम्ही काहीच शिकत नाही, हा तुमचा तोटा आहे. पत्रक आलं की त्यातली क्रियापदं बघा. पेरलं, मोजलं, बांधलं, लाटलं, वाटलं, विचारलं असं काही असेल तर बाई जागी आहे. 'साजरा करण्यात आला', 'आनंद लुटला' एवढंच असेल तर ते वर्गात न गेलेल्या माणसाने लिहिलंय. रेड डेला नवा लाल फ्रॉक आणू नका, असेल तो घाला. लाल रंग तिला आधीच ठाऊक असेल. सांताच्या फोटोचे पैसे मी दिले नसते. तुम्ही द्या न द्या, पण सांता येणार असेल तर आधी बाईंना विचारा की तो मुलांसमोर वेष चढवणार आहे का. समोर चढवला तर निम्मं रडणं वाचतं. अध्यक्षांनी मला आधी विचारलं असतं तर हे मी त्यांना फुकटात सांगितलं असतं.

घरी 'आज काय शिकवलं?' विचारू नका, 'काही नाही' हेच उत्तर येणार. तिने हात लावलेल्या वस्तूबद्दल विचारा. क्रिबमधल्या गाईखाली काय घातलंय, पेंढा की कापूस? कुलकुल (नाताळातले शंखासारखे वळून तळलेले गोड) कशावर वळले, काट्यावर की फणीवर? नखेत्र वर टांगायला स्टुलावर कोण चढलं?

दोन गोष्टी पत्रकात कुणी लिहीत नाही, म्हणून सांगते. लुकलुकणारं लाल नाक, दिव्याची टोपी, गाणारं कार्ड यांत बटणाएवढी चपटी बॅटरी असते. ती मुलाने गिळली आणि अन्ननळीत अडकली तर दोन तासांत आत भाजू शकतं. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ती वस्तू घरात नको, आणि गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल. दुसरं, कडक कुलकुल आणि अख्खे शेंगदाणे-काजू या वयाच्या मुलाला देऊ नयेत, घशात अडकतात. दोदोल (नारळ-गुळाची मऊ मिठाई) द्या, चिकट असला तरी बारीक तुकडे करून.

आता एवढं बोलले तर हेही म्हणायला हवं. सगळे सांता वाईट नसतात. काही मुलं त्याच्या मांडीवरून उतरत नाहीत, तुमची तशी असेल तर खुशाल जाऊ द्या. तुमच्या नर्सरीतल्या बाईला पगार काय मिळतो मला माहीत नाही, पण खाजगीत तो फारसा नसतो, आणि पत्रक बहुधा ऑफिसातून तयार येतं, तिच्या हातात नसतं. तेव्हा तक्रार करायची तर तिच्याकडे करू नका. गेटवर पाच मिनिटं थांबा आणि विचारा, 'बाई, आज हिने काय केलं?' ती सांगेल. तिलाही कुणीतरी विचारायला हवं असतं.

आणि अध्यक्ष दोन वर्षांपूर्वी फोंड्याच्या बाजारात भेटले. नात बरोबर होती, तीनेक वर्षांची. मी तिला विचारलं, सांता आला होता का गो शाळेत? ती म्हणाली, 'हांव रडलें.' अध्यक्ष म्हणाले, 'नाही हो बाई, खूप मजा केली तिने.'