परत पहिल्या वर्षाला बसायचं?

"दोन वर्षं इथे काढली. आता तिकडे जाऊन परत पहिल्या वर्षाला बसायचं?"

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षं इथे, मग ट्रान्सफर होऊन चार वर्षांच्या विद्यापीठात) मी समुपदेशक आहे आणि दर सप्टेंबरमध्ये हा प्रश्न माझ्यासमोर येऊन बसतो. सायकॉलॉजी किंवा बिझनेसच्या मुलांना तो सहसा पडत नाही. इथले ६० युनिट, म्हणजे साधारण दोन वर्षांचे श्रेयांक, घेऊन ती स्टेट युनिव्हर्सिटीत बहुतेक वेळा तिसऱ्या वर्षाला लागतात. अडकतात ती म्युझिकल थिएटरवाली, गाणं-नाच-अभिनय एकत्र शिकणारी. आता मराठी घरांतलीही मुलं या वाटेला येऊ लागली आहेत आणि त्यांच्या आया फोनवर मराठीतच रडतात, म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

जिची गोष्ट सांगते तिला रेवा म्हणू. नाव बदललं आहे, आणि तिच्यात आणखी दोघीतिघींचे तपशील मिसळले आहेत. वय २०. बारावीनंतर बी.एफ.ए.च्या (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, कलेची चार वर्षांची पदवी) ऑडिशन दिल्या, कुठेही निवड झाली नाही, म्हणून कम्युनिटी कॉलेज. वडील एका छोट्या कंपनीत हिशेब बघतात, आई डे-केअरमध्ये काम करते. आजोबा कोकणात नाट्यगीतं गायचे. "पण नोकरी पोस्टातली होती हो त्यांची," हे आईनं पहिल्याच भेटीत सांगितलं. इथल्या कायद्याप्रमाणे मुलाच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज पालकांशी त्याच्या अभ्यासाबद्दल सहसा बोलू शकत नाही. ती संमती रेवानं आपणहून दिली होती. कॉरिडॉरमध्ये मला 'मिस' म्हणायची, दार लागलं की 'काकू'.

आईचा प्रश्न सरळ होता. "ताई, ते ट्रान्सफर गॅरंटीचं आहे ना? मग काळजी कसली?"

ही गॅरंटी खरी आहे, पण अर्धीच ऐकली जाते. २०१० च्या कायद्यानं कॅलिफोर्नियात ट्रान्सफरसाठीची खास असोसिएट पदवी (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची) आली. ती पूर्ण केली की स्टेट युनिव्हर्सिटीच्या कुठल्या ना कुठल्या कॅम्पसवर जागा मिळते आणि पुढच्या ६० युनिटमध्ये पदवी होते. कॅम्पस आपल्या आवडीचाच मिळेल, असं मात्र त्यात नाही. थिएटर आर्ट्समधली ही असोसिएट पदवी नाटकाच्या बी.ए.कडे नेते. म्युझिकल थिएटरच्या बी.एफ.ए.चं दार ऑडिशननंच उघडतं, तिथे गॅरंटीचा कागद दाखवून उपयोग नाही.

आईला हे पटायला वेळ लागला. रेवाला ते आधीपासून माहीत होतं. तिनं लॅपटॉपवर मोठा तक्ता केला होता: कॉलेज, फी, किती युनिट धरतील, ऑडिशनची तारीख, आणि शेवटी पदवी कोणत्या वयात मिळेल. शेवटच्या रकान्यात २२ च्या पुढचा प्रत्येक आकडा लाल. जवळजवळ सगळा रकानाच लाल होता.

पहिल्या काही भेटी आम्ही त्या तक्त्यावरच घालवल्या. मी माहिती देत होते, ती आकडे दुरुस्त करत होती, आणि दर वेळी जाताना आलेल्या वेळेपेक्षा जास्त खचलेली दिसायची. मानसोपचारातले अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझा पिंड पोसला आहे. इच्छेनं कुणाची झोप उडत नाही, त्या इच्छेची अट झाली की उडते, हे मी इतक्या मुलांमध्ये पाहिलं आहे की अट दिसली की माझे कान टवकारतात. इथे ती चक्क रंगवलेली होती.

"हा लाल रंग कुणी ठरवला?"

"कुणी म्हणजे? मीच."

"२२ च का?"

ती हसली. "पुण्याची चुलतबहीण २२ ला नोकरीला लागली. रविवारी व्हिडिओ कॉल असतो."

"बरं. आत्तापुरता रंग काढ."

"काढून काय होणार? आकडे तेच राहणार."

"राहू देत. तू काढ तर खरं."

तिनं रकाना निवडला, रंग काढला. मी म्हटलं, "आता समज, यातल्या एका कॉलेजनं उद्या कळवलं की तुझे सगळे युनिट मान्य, ये, थेट तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बस. कसं वाटतं?"

मला वाटलं होतं, चेहरा खुलेल. तिनं लॅपटॉप मिटला.

"काकू, खरं सांगू? मी मरेन तिथे. ती मुलं दोन वर्षं रोज सकाळी बॅले करून आलेली असतील. मला टॅप डान्सची टाइम स्टेप, अगदी सुरुवातीची पावलं, धड येत नाहीत. गेल्या वेळी ऑडिशनच्या डान्स कॉलला, नाचाच्या चाचणीला, मी मागच्या रांगेत लपले होते."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला जमतं, आणि त्याचा थोडा अभिमानही आहे. बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "म्हणजे मला पहिल्याच वर्षात बसायचंय की काय?"

त्या दिवशी मला जे उमगलं ते आता मी प्रत्येक मुलाच्या बाबतीत तपासून बघते. परत पहिल्या वर्षाची भीती चारचौघांत सांगता येते, कारण तिला वय, पैसा, नातेवाईक असे भक्कम साक्षीदार असतात. तिच्यामागे दुसरी भीती दडलेली असते, आपण कमी पडू ही. ती कुणी बोलत नाही. पहिलीवर कितीही तोडगे काढा, दुसरी जागची हलत नाही.

आता ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी. बी.ए.मध्ये मुख्य विषय अभ्यासाचा एक भाग असतो. बी.एफ.ए.त साधारण दोन तृतीयांश अभ्यास विषयाचाच, आणि अभिनय, आवाज, नृत्य यांचे वर्ग चार वर्षांची साखळी म्हणून एकाच तुकडीला शिकवले जातात. म्हणून बरीच कॉलेजं ट्रान्सफर मुलाचे इंग्रजी-इतिहासाचे युनिट धरतात, पण स्टुडिओच्या वर्गांना त्याला पहिल्या वर्षापासून बसवतात. युनिट मिळाले म्हणजे वर्षं वाचली, असं गृहीत धरू नका. आमचे किती युनिट धरणार, हे सगळे विचारतात. स्टुडिओच्या कोणत्या वर्षात बसवणार, हे फारच थोडे विचारतात. ते विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा.

इथली दोन वर्षं वाया जातात हे मला अजिबात मान्य नाही. आमच्याकडे राज्यातल्या विद्यार्थ्याला युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे ६० युनिटचे २,७६० डॉलर. त्यात रेवानं भूमिका केल्या, बॅकस्टेज सांभाळलं, सामान्य शिक्षणाचे विषय उरकले. पुढे पहिल्या वर्षात बसावं लागलं तरी तिच्या वेळापत्रकात सरावाला जागा राहणार होती. आणि २० व्या वर्षाचा आवाज १७ व्यापेक्षा जास्त पेलतो, हे तिच्या जुन्या आणि नव्या रेकॉर्डिंगमध्ये मला, नाटकातलं काही न कळणाऱ्या बाईलाही, ऐकू आलं.

पैशाचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करा. पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून मिळणारी, परत न करायची मदत, आयुष्यभरात पूर्णवेळ १२ सेमिस्टरपुरतीच मिळते. इथे चार गेली की आठ उरतात, म्हणजे नेमकी चार वर्षं. एक सेमिस्टर जरी रेंगाळलात, तर शेवटचं स्वतःच्या खिशातून.

आणि एकाच पदवीचा हट्ट नको. यूसीएलएत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, लॉस एंजेलिस) म्युझिकल थिएटर आहे, पण पदवी बी.ए.ची. त्याच विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसला आधी ड्रामाला प्रवेश घ्यायचा आणि आत गेल्यावर बी.एफ.ए.साठी ऑडिशन द्यायची. फुलर्टनच्या स्टेट युनिव्हर्सिटीत बी.एफ.ए. आहे. निवड करणाऱ्यांना शेवटी दीडेक मिनिटाची गाणी ऐकायची असतात, एक जुन्या वळणाचं, एक अलीकडचं, जोडीला एक स्वगत आणि नाच. तुम्ही कुठल्या कॉलेजातून आलात हे तोवर त्यांच्या लक्षातही नसतं.

रेवानं त्या सेमिस्टरला एक ऐच्छिक विषय सोडून टॅप आणि बॅले घेतलं. प्रीस्क्रीनचे, म्हणजे ऑडिशनआधीच्या छाननीचे, व्हिडिओ ऑक्टोबरात पाठवले, जानेवारी-फेब्रुवारीत ऑडिशन दिल्या. दोन होकार आले: राज्याबाहेरची बी.एफ.ए., पहिल्या वर्षापासून, आणि राज्यातली नाटकाची बी.ए., थेट तिसऱ्या वर्षात. आईला वाटलं, मी बी.ए.कडे ढकलीन. मी कुणीकडेच ढकललं नाही. तिघांनी बसून चार वर्षांचा खर्च मांडला. बाहेरच्या कॉलेजनं शिष्यवृत्ती दिली होती, तरी कर्ज मोठं होत होतं. वडील म्हणाले, "काढू." रेवा म्हणाली, "नको बाबा, एवढं नको."

ती राज्यातच राहिली. वर्गात नाचात सगळ्यांत मागे आहे, असं परवा हसत सांगत होती. बी.ए. झाल्यावर एम.एफ.ए. (कलेची पदव्युत्तर पदवी) करायची की थेट ऑडिशनच्या रांगेत उभं राहायचं, हे अजून ठरायचं आहे. आईनं परवा फोन करून विचारलं, धाकट्याला सरळ चार वर्षांच्या कॉलेजातच घालू का. मी म्हटलं, संमतीचा कागद घेऊन आधी त्यालाच पाठवा.