आन्ना मान्यानीला ‘दीवा’ म्हणावे का?

आन्ना मान्यानी या इटालियन अभिनेत्रीवर लिहिताना तिला ‘इटलीची थोर डिवा’ म्हणावे का, आणि ‘डिवा’ लिहावे की ‘दिवा’, असा प्रश्न आला आहे.

आधी लेखन. इटालियनमधला ‘द’ आपल्यासारखाच दंत्य आहे, ‘ड’ इंग्रजीच्या वाटेने आला. पहिला स्वर दीर्घ, म्हणून ‘दीवा’. मूळ लॅटिन अर्थ देवी, आणि संस्कृत ‘देव’ त्याच कुळातला. आपला तेलाचा दिवा मात्र ‘दीप’वरून आला. तरी योगायोग पाहा, इटालियनमध्येही अनेकवचन ‘दीवे’च होते!

आता अर्थ. हा शब्द आधी ऑपेरातल्या गायिकांचा. १९१३च्या सुमारास तो मूकपटांतल्या लीदा बोरेल्ली, फ्रान्चेस्का बेर्तीनी यांना चिकटला. भारी पोशाख, संथ लयीतले हावभाव, प्रेक्षकाने दुरूनच पाहावे असे रूप. दीवा म्हणजे हे.

मान्यानी (१९०८–१९७३) या देव्हाऱ्यात बसत नाही. १९३४पासून ती चित्रपटांत होती, विनोदी नट तोतोबरोबर गाण्या-नकलांच्या रंगमंचीय कार्यक्रमांत गाजलीही होती. पण जगाला ती कळली १९४५मध्ये, दिग्दर्शक रोस्सेल्लिनीच्या ‘रोम, ओपन सिटी’ या चित्रपटामुळे. तेव्हा ती ३७ वर्षांची होती. तिची पीना गरोदर विधवा आहे. जर्मनांनी धरलेल्या आपल्या माणसाच्या ट्रकमागे ती ओरडत धावते आणि भर रस्त्यात गोळी लागून कोसळते. त्या धावण्यात कुठेही पोज नाही. विस्कटलेले केस, डोळ्यांखालची वर्तुळे, सगळे उघड. दिग्दर्शक विस्कोन्तीच्या ‘बेल्लिस्सिमा’त (१९५१) तर ती घरोघरी इंजेक्शने देणारी आई आहे, मुलीला सिनेमात घालायचे म्हणून जीव टाकते आणि शेवटी हाती आलेला करारच नाकारते. तारांकित झगमगाटावर याहून कडक भाष्य मी पाहिलेले नाही. ‘द रोझ टॅटू’साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, इटालियन अभिनेत्रीला पहिलेच. तरी रोमकरांसाठी ती ‘नान्नारेल्ला’च राहिली. हे आन्नाचे घरगुती, लाडाचे रूप. देवीला अशी हाक कोणी मारत नाही.

मराठी वर्तमानपत्रांत ‘डिवा’ हल्ली नखरेल किंवा तापट बाईलाही लावतात. मान्यानीचा तापटपणा प्रसिद्ध होता, पण तेवढ्यावर हा शब्द तिला लावणे मला पटत नाही. तिला ‘थोर अभिनेत्री’ म्हणा. ‘दीवा’ बोरेल्लीसाठी ठेवा, आणि वापरताना स्त्रीलिंगीच: ती दीवा, त्या दीवा, दीवाला, दीवाने.