रँग्लर, गाऊन आणि अर्धवट सोडवलेली गणितं : केंब्रिजविषयी वाचकांचे प्रश्न

केंब्रिजला शिकायला जाण्याविषयी गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रं आली. काही पालकांची, काही मुलांची, एक तर आजोबांचं. मी तिथं तीन वर्षं गणित शिकले आणि आता पुण्यात अशा मुलांना अर्ज भरण्यापासून विमानात बसेपर्यंत मदत करते. सगळ्याच पत्रांना इथं उत्तर देता येणार नाही. ज्या समजुती पुन्हा पुन्हा दिसल्या, त्यांवरचे प्रश्न घेते आहे.

प्रश्न : आमच्या लहानपणी रँग्लर परांजप्यांचं नाव देवाच्या खालोखाल घेतलं जाई. नातू गणितात हुशार आहे, पण रँग्लर होण्याइतका असेल का? नसेल, तर एवढ्या लांब पाठवण्यात अर्थ आहे का? (एक आजोबा, नाशिक)

आजोबा, नमस्कार. ‘रँग्लर’ हा शब्द मराठी घरांत इतका रुळला की तो एखादा किताबच वाटतो. मुळात तो परीक्षेच्या निकालातला एक वर्ग आहे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात. त्यात शेवटच्या वर्षी पहिला वर्ग मिळवणारा तो रँग्लर, दुसऱ्या वर्गातला सीनियर ऑप्टिमे आणि तिसऱ्यातला ज्युनियर ऑप्टिमे. म्हणजे आजही दर वर्षी कित्येक डझन मुलं-मुली रँग्लर होतात.

परांजप्यांचा मान वेगळा होता. 1909 पर्यंत निकाल गुणानुक्रमे जाहीर व्हायचा आणि यादीतला पहिला तो सीनियर रँग्लर. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सेंट जॉन्स कॉलेजात शिकत होते. 1899 साली ते आणखी एका विद्यार्थ्याबरोबर संयुक्तपणे पहिले आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. नुसते रँग्लर झालेले पहिले भारतीय म्हणजे बंगालचे आनंदमोहन बोस, 1874 सालचे. पुढे 1959 मध्ये जयंत नारळीकर सीनियर रँग्लर झाले, पण तोवर क्रमवारी छापणं बंद होऊन पन्नास वर्षं होत आली होती.

त्याच जुन्या काळात उत्तीर्णांच्या यादीत सर्वांत शेवटी येणाऱ्याला सगळ्यांसमोर लाकडी चमचा दिला जायचा. शेवटचा चमचा 1909 मधला, मीटरभराहून लांब. ती चेष्टा गेली हे फार बरं झालं, असं मला मनापासून वाटतं. नातवाच्या बाबतीत एवढंच बघा : न सुटणाऱ्या एका गणितापाशी तो दोन दिवस रमतो का? रमत असेल तर तिथं त्याला करमेल. मग निकालात कोणता शब्द छापून येतो याची काळजी करू नका.

प्रश्न : मी शाळेपासून नेहमी पहिली येते. तिथं सगळेच जीनियस असतात असं ऐकलंय, आणि एका शिक्षकासमोर दोनच विद्यार्थी बसतात म्हणे. मला तर वर्गात शंका विचारायलाही संकोच वाटतो. मी टिकेन का? (बारावीतली विद्यार्थिनी, कोल्हापूर)

दोन विद्यार्थ्यांची गोष्ट अगदी खरी आहे, आणि केंब्रिजमध्ये वेगळं असं जे काही आहे त्यातलं बहुतेक याच एका तासात आहे. याला सुपरव्हिजन म्हणतात. व्याख्यानं सगळ्या विद्यापीठाची एकत्र होतात, मोठ्या सभागृहात, आणि गणिताची तर शनिवारी सकाळीसुद्धा असतात. पण शिकणं घडतं ते सुपरव्हिजनमध्ये. साहित्य-इतिहासाच्या मुलांना त्यासाठी साधारण दर आठवड्याला निबंध लिहून न्यावा लागतो. आम्हा गणितवाल्यांना, ज्यांना तिथं ‘मॅथ्मो’ म्हणतात, प्रत्येक विषयाची एक्झाम्पल शीट मिळायची. ती सोडवून आदल्या दिवशी सुपरव्हायजरच्या टपालाच्या खणात टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं, ते आणि तासभर तुमच्या चुका.

माझ्या पहिल्या शीटवर बारा प्रश्न होते. त्यातले पाच पुरे झाले होते, तीन अर्धवट होते आणि चार प्रश्नांच्या जागी नुसते प्रश्नांचे क्रमांक घातलेले. आयुष्यात मी असा कागद कधी कोणाच्या हातात दिला नव्हता. आपण टॉपर मुलं घासून-पुसून लखलखीत केलेलं तेवढंच बाहेर दाखवतो; कच्चं काम वहीच्या मागच्या पानावर आणि ते पान दुमडलेलं. मी ते चार प्रश्न झाकायचा प्रयत्न केला. सुपरव्हायजरनी सुटलेल्या पाचांकडे पाहिलंही नाही. ‘हे बरोबर आहेत, त्यांवर वेळ का घालवायचा?’ असं म्हणून त्यांनी थेट सहावा प्रश्न उघडला आणि विचारलं, ‘इथं काय करून पाहिलंस?’ मी काहीच करून पाहिलं नव्हतं, कारण पहिली ओळ चुकेल अशी भीती होती. तो तास मला आजही आठवतो.

शीट तयार करतानाच तिच्यात असे प्रश्न घातलेले असतात की जे बहुतेकांना एका बैठकीत सुटणार नाहीत. सगळी शीट सुटली तर सुपरव्हिजनला बोलायचं कशावर? हे मला कोणी जाण्याआधी सांगितलं असतं तर पहिले दोन महिने रडण्यात गेले नसते.

आता जीनियसबद्दल. असतात. माझ्या वर्षात दोघं-तिघं असे होते की त्यांचं डोकं कसं चालतं हे आम्हाला कधी कळलं नाही. बाकीचे तुझ्यासारखे : आपापल्या गावात पहिले आलेले आणि इथं अचानक मधल्या रांगेत बसलेले. तुझ्या पत्रात मला हुशारीची काळजी वाटत नाही, संकोचाची वाटते. त्यावर आजपासून काम करता येईल. आठवड्यातून एकदा न सुटलेलं गणित घेऊन बाईंकडे जा आणि त्यांना उत्तर विचारू नकोस. ‘मी इथपर्यंत आले, पुढं अडले’ असं म्हण. सुरुवातीला जीभ अडखळेल. अडखळू दे.

प्रश्न : मुलगा राज्य पातळीवर कबड्डी खेळला आहे, तबल्याच्या परीक्षा दिल्या आहेत, एका संस्थेचं स्वयंसेवकाचं प्रमाणपत्रही आहे. आमचे सल्लागार म्हणतात, केंब्रिजला ‘प्रोफाइल’ लागतं, आणखी दोन प्रमाणपत्रं मिळवून देतो. (पालक, ठाणे)

पैसे देऊ नका. प्रमाणपत्रांचा हा बाजार अमेरिकी विद्यापीठांच्या धाकानं वाढला आहे. तिथं खेळ-छंदांना वजन असतं, केंब्रिजच्या प्रवेशात ते जवळजवळ नसतं. निर्णय अभ्यासावर होतो : गुण, त्या विषयाची प्रवेशपरीक्षा, अर्जातलं स्वतःविषयीचं निवेदन आणि डिसेंबरातली मुलाखत. ऑक्टोबरच्या मध्याला अर्जाची मुदत संपते. त्या वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकीकडेच पदवीसाठी अर्ज करता येतो, हेही अनेकांना उशिरा कळतं.

मुलाखतीबद्दल विचित्र गोष्टी पसरल्या आहेत. कोणी म्हणतं, दार उघडल्यावर प्राध्यापक चेंडू फेकतात आणि तो झेलला की प्रवेश मिळतो. हे सगळं विसरा. मुलाखत म्हणजे छोटी सुपरव्हिजन असते. न पाहिलेला प्रश्न देतात, अडलात की सूचना देतात, आणि सूचना मिळाल्यावर तुम्ही हलता का ते बघतात. भारतातून अर्ज करणाऱ्यांची मुलाखत हल्ली बहुधा ऑनलाइन होते.

मुलगा राज्य मंडळातून बारावी करत असेल तर ती पात्रता चालते का, हे सल्लागाराला विचारू नका. ज्या कॉलेजात अर्ज करायचा, त्याच्या प्रवेश कार्यालयाला स्वतः ईमेल लिहा. उत्तर येतं. आणि तबला चालू ठेवा, त्याच्या आनंदासाठी.

प्रश्न : तिथं फक्त श्रीमंतांची मुलं असतात ना? (एक वाचक, परभणी)

ब्रिटिश मुलांबाबत हे आता खरं राहिलेलं नाही. तिथून पदवीला येणाऱ्यांपैकी सुमारे 70 टक्के सरकारी शाळांतले असतात आणि त्यांची फी सरकारनं बांधून दिलेली आहे. आपल्या मुलांबाबत मात्र, दुर्दैवानं, तुमचा समज बराचसा खरा आहे. परदेशी विद्यार्थ्याला सर्वांत स्वस्त विषयालाही वर्षाला 27 हजार पौंडांच्या वर फी पडते. वैद्यकीयची त्याच्या दुपटीहून जास्त. कॉलेजची फी वेगळी, राहणं-जेवण वेगळं. सगळं मिळून वर्षाला 50 लाख रुपयांच्या वर जातं, आणि टर्म चालू असताना नोकरी करू नये अशी विद्यापीठाची स्पष्ट भूमिका आहे. ‘पोरगा पार्टटाइम करून भागवेल’ हा हिशेब इथं चालत नाही.

म्हणून एक सरळ सल्ला : पैसे नसतील तर पदवी इथं करा आणि पुढच्या शिक्षणासाठी तिथं अर्ज करा. पदवीच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या थोड्या आणि बऱ्याचदा अपुऱ्या असतात. पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी चित्र बदलतं. 2000 साली सुरू झालेली गेट्स केंब्रिज शिष्यवृत्ती ब्रिटनबाहेरच्या अशाच विद्यार्थ्यांसाठी आहे आणि ती पूर्ण खर्च उचलते. पदवीच्या तीन वर्षांसाठी घर किंवा जमीन गहाण टाकू नका. ही कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : भौतिकशास्त्र शिकून ‘बी.ए.’ पदवी मिळते असं वाचलं. नातेवाईक हसतात. (विद्यार्थी, जळगाव)

हसू दे. केंब्रिजमध्ये तीन वर्षांची पदवी विज्ञानाची असो वा गणिताची, ती बी.ए.च असते. आणि काही वर्षांनी हीच बी.ए. कोणतीही नवी परीक्षा न देता एम.ए. होते. त्यामुळे कोणी आपल्या नावापुढे नुसतं ‘एम.ए., केंब्रिज’ लिहिलं तर त्यानं तिथं आणखी दोन वर्षं अभ्यास केला असं समजू नका.

प्रश्न : मुलगी शाकाहारी आहे, घराबाहेर कधी राहिलेली नाही. गाऊन घालून मेणबत्तीच्या उजेडात जेवणं, लॅटिनमधली प्रार्थना, हे सगळं पाहून भीती वाटते. तिला कोणी आपलं म्हणेल का? (आई, सातारा)

ताई, गाऊन आणि लॅटिन खरं आहे, पण ते रोजचं नाही. त्याला फॉर्मल म्हणतात. ज्याला हवं त्यानं नाव नोंदवून जायचं. रोजचं जेवण कॉलेजच्या कॅन्टीनसारख्या हॉलमध्ये ट्रे घेऊन होतं आणि शाकाहारी पदार्थ सगळीकडे मिळतात. मजल्यावर छोटं स्वयंपाकघर असतं, त्याला ‘जिप’ म्हणतात. कॉलेजागणिक तिथली सोय वेगळी असते. कुठे शेगडी मिळते, कुठे नुसता मायक्रोवेव्ह. कॉलेज निवडताना इमारतीचा फोटो बघण्याआधी हे विचारा. माझ्या मजल्यावर शेगडी होती. आमच्या पिठलं-भाताला वास येतो म्हणून सुरुवातीला दारं बंद व्हायची. जानेवारीपर्यंत तीच मुलं वाटी घेऊन यायला लागली.

विद्यापीठात 31 कॉलेजं आहेत, आणि मुलगी राहते, जेवते आणि सुपरव्हिजनला जाते ती मुख्यतः आपल्या कॉलेजमार्फत. मुलींचीच दोन कॉलेजं आजही आहेत, न्यूनहॅम आणि मरे एडवर्ड्स. आपलं म्हणणारी माणसं सापडतात. दुसऱ्या वर्षाची दोन मुलं नव्या मुलांचे ‘कॉलेज पेरेंट’ होतात, प्रत्येकीला अभ्यासापलीकडच्या अडचणींसाठी एक ट्यूटर असतो, आणि प्रवेशद्वारावरचे पोर्टर रात्री-अपरात्री जागे असतात. माझी किल्ली हरवली तेव्हा त्यांनी चहा पाजला होता.

मला भीती वाटते ती वेगळ्याच दोन गोष्टींची. पहिली म्हणजे अंधार. डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. साताऱ्याच्या मुलीला हे अंगावर येतं, आणि त्याला मनाचा कमकुवतपणा समजू नका. दुसरी गोष्ट टर्मची लांबी. टर्म जेमतेम आठ आठवड्यांची असते आणि त्यात सगळं कोंबलेलं असतं. पाचव्या आठवड्यात बहुतेकांचा धीर सुटतो. तिथं त्याला नावच आहे, ‘वीक फाइव्ह ब्लूज’. त्या आठवड्यात तिचा आवाज फोनवर उतरलेला वाटला तर ‘अभ्यास कसा चाललाय’ असं विचारू नका. जेवलीस का, कोणाबरोबर जेवलीस, एवढं विचारा.

आणखी एक, पैशाचं नसलं तरी व्यवहाराचं. बऱ्याच कॉलेजांत नाताळ आणि ईस्टरच्या सुट्टीत खोली रिकामी करावी लागते. परदेशी मुलांना राहू देतात, पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. नोव्हेंबरमध्येच करा.

प्रश्न : मी आत्ता केंब्रिजमध्येच आहे, पहिलं वर्ष. शीट सुटत नाहीत. एका निबंधवाल्या मित्राला 62 गुण मिळाले तर तो पार्टी देतोय. मला ते 62 ऐकूनच घाम फुटला. घरी सांगितलेलं नाही. बाबांनी सगळ्या गावाला पेढे वाटले होते. परत यावंसं वाटतं. (नाव देत नाही)

मित्राचं आधी सांगते. बहुतेक विषयांत 70 च्या पुढे पहिला वर्ग असतो आणि 60 च्या पुढे दुसऱ्या वर्गातला वरचा भाग, ज्यात खूप मोठा गट असतो. त्याचे 62 चांगले आहेत. हे तू बाबांनाही सांग. आपल्याकडे 92 टक्क्यांना हळहळतात, त्यामुळे त्यांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवं.

आता तू. कॉलेजात तुझी दोन हक्काची माणसं आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. अभ्यासासाठी डायरेक्टर ऑफ स्टडीज. त्यांना सांग की शीट सुटत नाहीत. ते सुपरव्हिजनचा जोडीदार बदलतात, जादा तास लावतात, काय गाळलं तर चालेल ते सांगतात. झोप, जेवण, मन यांसाठी ट्यूटर. परत यावंसं वाटतं हे त्यांना सांगायचं, आणि याच आठवड्यात सांगायचं. विद्यापीठाची समुपदेशन सेवाही आहे. रात्री विचार फार अंधारे झाले तर सकाळची वाट न बघता पोर्टरकडे खाली जा. प्रकृतीचं कारण असेल तर वर्षभर थांबून पुन्हा सुरू करण्याची रीतसर सोय आहे. तिला ‘इंटरमिट’ म्हणतात, आणि माझ्या ओळखीतले दोघं तसे थांबून नंतर पदवी घेऊन बाहेर पडले.

बाबांना फोन कर. पेढ्यांची लाज तुला वाटते तितकी त्यांना वाटणार नाही. आणि पुढच्या सुपरव्हिजनच्या आदल्या रात्री, न सुटलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली जे सुचेल ते दोन ओळींत लिही. चुकीचं वाटलं तरी खोडू नकोस. तसाच कागद खणात टाक, आणि तास कसा झाला ते मला लिहून कळव.