मुलांसाठीच्या ऐतिहासिक कादंबरीत तुटलेले घर पुन्हा जोडलेले दाखवायचे असेल, तर ते खोटे वाटू नये म्हणून काय करावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी तुम्ही कादंबरी लिहीत आहात. काळ १९३६ चा, स्थळ दापोली-गुहागरच्या किनारपट्टीवरचे एक गाव, आणि घर भिक्षुकी करणाऱ्या ब्राह्मणाचे. धाकट्या भावाने १९०१ च्या सुमारास मुंबईत एका विधवेशी लग्न केले, म्हणून थोरल्याने त्याच्याशी संबंध तोडले. पस्तीस वर्षांनी थोरल्याच्या नऊ वर्षांच्या नातीला माळ्यावर जुनी पत्रे सापडतात, ती गुपचूप मुंबईला पत्र टाकते, धाकटे आजोबा गणपतीत बोटीने गावी येतात आणि दोघे भाऊ ओटीवर एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. कच्चा खर्डा वाचणाऱ्यांना हा शेवट पटला नाही, आणि तो पटण्याजोगा कसा करावा, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात मराठी शिकवले आणि आता मुलांसाठी लिहिलेली हस्तलिखिते वाचून अभिप्राय देण्याचे काम करते. त्या अनुभवावर विसंबून लिहिते.

खोट शेवटात नाही, सुरुवातीत आहे, असे माझे मत आहे. घर का तुटले ते तुम्ही एका वाक्यात उरकले आहे. ‘आजोबांना राग आला’ एवढ्यावर अकरा वर्षांचा वाचक पस्तीस वर्षांचा अबोला स्वीकारणार नाही, कारण त्याच्या अनुभवात राग चार दिवसांत ओसरतो. तुमच्या आजोबांनी रागाने भाऊ तोडलेला नसावा. त्या काळी कोकणातल्या गावात पुनर्विवाह करणाऱ्यावर बहिष्कार पडला, की तो त्या एकट्यावर थांबत नसे. धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या ब्राह्मण समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि त्याची झळ गावात राहणाऱ्या आई-भावापर्यंत पोचली. विधवाविवाहाला कायद्याने १८५६ सालीच मान्यता दिली होती, पण पंगतीला कोणी बसायचे आणि मुलीला कोणत्या घरात द्यायचे, हे कायदा ठरवत नव्हता. मुरुड तुमच्या कथेच्या गावापासून फार दूर नाही, आणि आठ वर्षांपूर्वीची ती हकीकत तुमच्या थोरल्या भावाने ऐकलेली असणारच.

आता त्या माणसाच्या जागी उभे राहून हिशेब मांडा. त्याच्या पदरी लग्नाच्या मुली आहेत, उत्पन्न यजमानकृत्यांचे आहे, म्हणजे ज्या दिवशी गाव त्याला सत्यनारायणाला बोलावणे बंद करील त्या दिवसापासून चुलीची पंचाईत. गावाने त्याला दोन वाटा दिल्या: भावाला सोड, नाही तर भावाबरोबर तूही बाहेर. त्याने मुलींसाठी भाऊ सोडला. हे दुष्टपणाचे नाही, पण निर्दोषही नाही, आणि मुलांच्या साहित्यात अशी माणसे फार कमी भेटतात म्हणूनच ती आणावीत असे मला वाटते. हा प्रसंग एका प्रकरणात नीट उभा करा: गावकीची बैठक, ओटीवरच्या सुपाऱ्या, आणि बैठकीत कोणीही आवाज न चढवता घातलेली अट.

त्यात आणखी एक धागा आहे, ज्याकडे तुमच्या आराखड्यात कोणाचेच लक्ष गेलेले नाही. थोरल्याच्या स्वयंपाकघरात त्याची विधवा बहीण आहे, असे तुम्ही पात्रपरिचयात लिहिले आहे, आणि नंतर ती फक्त भात वाढताना दिसते. केशवपन केलेली, आलवण (विधवांचे तांबडे लुगडे) नेसणारी, लग्नकार्यात पुढे न येणारी ही आतेआजी त्या घरात राहत असताना भावाने भावाला कशासाठी तोडले, याचा अर्थ नातीला सांगावा लागणार नाही, तो तिला दिसेल. केशवपन मुलांच्या पुस्तकात नको, असा सल्ला तुम्हाला कोणी देईल. तो मानू नका. मुले अशा गोष्टींनी घाबरत नाहीत, ती विचारतात ‘का?’, आणि त्या प्रश्नावर तुमची कादंबरी उभी आहे. मधल्या पस्तीस वर्षांत मुंबईशी असलेला धागा तुटू न देणारीही मी तिलाच करीन: दर उन्हाळ्याच्या अखेरीस चाकरमान्यांच्या गाठोड्यात आमसुलांची पुडी आणि फणसपोळी जाते, वर कोणाचे नाव नसते, आणि थोरले आजोबा कधी विचारत नाहीत की यंदा फणसपोळी इतकी कमी कशी.

दुसरा प्रश्न क्षमेचा. क्षमा कोणी कोणाला करायची, हे तुम्ही ठरवलेले दिसत नाही. भाऊ भावाला मिठी मारतो, पण ज्या बाईवरून घर तुटले तिला तुमच्या आराखड्यात नाव नाही आणि एकही वाक्य नाही. सर्वांत जास्त सोसले तिने. सासरच्या उंबऱ्यात तिचे पाऊल कधी पडले नाही, तिच्या मुलांना मूळ घरचा गणपती ठाऊक नाही. तिच्या वतीने तिचा नवराही क्षमा करू शकत नाही, मग नऊ वर्षांची नात कोठून करणार? नातीच्या हाती एवढेच आहे की बंद पडलेले येणे-जाणे तिने आपल्यापुरते पुन्हा सुरू करावे, आणि ते काही कमी नाही. पण त्याला क्षमा म्हणून वाचकाच्या हाती देऊ नका. ही काकू, म्हणजे धाकट्याची बायको, शेवटी आली नाही, तिने ‘मुलांना पाठवते, मी येणार नाही’ एवढेच कळवले, तरी पुस्तक अपुरे राहत नाही. मोठ्यांनी दुखावले तर लगेच विसरून जायचे, असा धडा मुलांना आपण एरवी पुरेसा देतो.

मी स्वतः हा शेवट कसा लिहिला असता ते सांगते, पटले तर घ्या. धाकट्या आजोबांना मी गावी आणले नसते. श्रावणाच्या अखेरीस ते मुंबईत वारले असते. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत, त्यामुळे कोणी येऊ-जाऊ शकत नाही. टपाल मात्र खुष्कीच्या मार्गाने येत राही. (तुमच्या कथेत धाकटे आजोबा भर पावसात बोटीने येतात, तेवढे कोणत्याही परिस्थितीत बदला.) मृत्यूची बातमी सांगणारे, कोपरा फाडलेले कार्ड येते, आणि ते दहा दिवसांच्या आत पोचते. गावाच्या लेखी जातीबाहेर गेलेल्या माणसाचे सुतक धरण्याचे थोरल्याला काही कारण नाही, आणि न धरण्याची कारणे पुष्कळ आहेत: चतुर्थी तोंडावर आली आहे, आणि भिक्षुकाचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस तोच. पहाटेपासून दहा घरच्या गणपतींची प्राणप्रतिष्ठा त्याने करायची आहे, घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तेथे, महिन्यापूर्वीच देऊन झाला आहे, मूर्तीला रंगही चढला असेल.

कार्ड वाचून आजोबा काही बोलत नाहीत. विहिरीवर जातात, रहाट ओढून अंगावर पाणी घेतात आणि ओल्या पंचानिशी पडवीत येऊन उभे राहतात. देवघराकडे निघालेल्या नातीला म्हणतात, देवांना शिवू नकोस, आपल्याला सुतक आहे. ती विचारते, कोणाचे? आजोबा म्हणतात, माझ्या भावाचे. आजोबांना भाऊ होता हे त्या पोरीला आणि कदाचित तिच्या वडिलांनाही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच कळते. नंतर ते गड्याला यजमानांच्या घरोघर पाठवतात, यंदा दुसरा भटजी पाहा म्हणून. म्हणजे ज्या गावासमोर भावाला नाकारले, त्याच गावासमोर, दक्षिणेवर पाणी सोडून, ते त्याला आपला म्हणतात. शाळेतला पाट रिकामा परत येतो. मुलीच्या दृष्टीने अन्याय हा आहे की यंदा घरात गणपती नाही, आणि ती त्यासाठी आजोबांवर चिडते. तिला चिडू द्या. मोठ्यांच्या पश्चात्तापाची किंमत मुलांनाही मोजावी लागते, हे तेराव्या वर्षी वाचायला काही हरकत नाही.

हे उशिराचे आहे, अपुरे आहे, ज्याच्यासाठी केले त्याला कळणारही नाही. म्हणूनच ते त्या काळच्या, त्या वृत्तीच्या माणसाला शोभते. १९३६ सालचा साठी उलटलेला वैदिक ब्राह्मण ओटीवर भावाच्या गळ्यात पडणार नाही, ‘माझे चुकले’ असे म्हणणार नाही. ते आपल्या आजच्या मालिकांमधले वागणे आहे. दोघे भाऊ जिवंतच हवेत असा तुमचा आग्रह असेल, तर रडण्याऐवजी पाण्याचा प्रसंग लिहा. काकू तांब्या पुढे करते आणि थोरला तिच्या हातचे पाणी घेतो की नाही, एवढ्यावर सगळे प्रकरण तोलता येईल.

१९३६ हे साल तुम्ही सहज निवडले असेल, पण ते फार चांगले साल आहे, त्याचा उपयोग करा. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने बांधलेले आणि सावरकरांच्या प्रेरणेतून उभे राहिलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व जातींसाठी उघडले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याआधीच, २० मार्च १९२७ रोजी झाला होता. म्हणजे ज्या बहिष्काराच्या धाकाने थोरल्याने भाऊ सोडला, तो धाक त्याच्या हयातीतच सैल पडत होता. मुलींची लग्ने होऊन गेली होती. तोडण्याला कारण होते, पण तुटलेले तसेच ठेवायला १९२० नंतर काय कारण उरले? याचे उत्तर आजोबांकडे नाही, आणि पुस्तकातला सर्वांत अवघड संवाद तोच आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा: चवदार तळ्याचा प्रसंग घरच्या भांडणाला उपमा म्हणून वापरू नका. तेथे माणसे आपला हक्क घ्यायला गेली होती, कोणाशी गोडी करायला नाही, आणि दोन्ही गोष्टी एका ‘समेट’ या शब्दात घातल्या तर मुलांची दिशाभूल होते.

पिढ्यांनंतरची भेट कशी असते, याचे खरे उदाहरण हवे असेल तर रत्नागिरीतच आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८५ मध्ये पदच्युत झाला आणि रत्नागिरीत नजरकैदेत राहून १९१६ मध्ये तेथेच वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येला राजवाड्यावर नोकरीस असलेल्या एका मराठी माणसापासून मुलगी झाली, धाकट्या एका राजकन्येने आईवडिलांच्या मर्जीविरुद्ध लग्न केले, आणि राजाच्या शेवटच्या दिवसांत घर आतून फुटलेले होते. पुढे कुटुंबातले बहुतेक जण मायदेशी परतले. थोरल्या राजकन्येची ती मुलगी, टुटू, मात्र रत्नागिरीतच वाढली, तेथेच तिचा संसार झाला आणि मराठी हीच तिची भाषा झाली. राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०१६ मध्ये, म्यानमारहून त्याचे वंशज रत्नागिरीतल्या समाधीशी आले. तोपर्यंत रागावणारे आणि ज्यांच्यावर रागावले ते, सगळे जाऊन बरीच वर्षे झाली होती. नंतरच्या पिढ्यांनी येऊन फुले वाहिली. ती कोणाला क्षमा नव्हती, तरीही कोणीतरी आले. तुमच्या नातीचे काम या जातीचे आहे.

राहिली माळ्यावरची पत्रे. १९०१ सालची, घाईने लिहिलेली मोडी लिपीतली पत्रे नऊ वर्षांची मुलगी घडाघडा वाचते, हे मला पटले नाही. तिला बारा वर्षांची करा, आणि तरीही ती अडखळू द्या. मग तिला दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावी लागतील, आणि गावात मोडी चांगली येणारा जो कोणी असेल, पंतोजी किंवा तलाठी, त्याच्यामार्फत घरची गोष्ट बाहेर फुटण्याची भीती निर्माण होईल. मुलांच्या कादंबरीला लागणारे रहस्य तुम्हाला यातून आयते मिळते, आणि तुमचे तिसरे ते सहावे प्रकरण सध्या जे रेंगाळते, ते पुढे सरकेल. आतेआजीला वाचता येत नाही असे तुम्ही दाखवले आहे. तसेच राहू द्या, पण प्रत्येक पत्रात काय आहे ते तिला पहिल्यापासून तोंडपाठ असू शकते, कारण ज्या दिवशी पत्र आले त्या दिवशी ते कोणीतरी मोठ्याने वाचले होते आणि आतेआजी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती.