वाचक विचारतात: मांडव मंडळाचा की इच्छुकाचा?

प्रश्न: आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवाचा मांडव, रोषणाई, ढोल-ताशा असा सगळा खर्च वॉर्डातला निवडणुकीच्या तिकिटाचा एक इच्छुक उचलतोय. अट एकच, कमानीवर त्याचा फोटो. घ्यावेत का पैसे?

उत्तर: घ्या, पण मंडळाच्या पावतीवर आणि बँक खात्यातून. सार्वजनिक उत्सवात राजकारण १८९३ पासून आहे, टिळकांना ते हवंच होतं. त्याचा विटाळ मानू नका. घोटाळा होतो तो इच्छुक मांडववाल्याचं बिल परस्पर भागवतो तेव्हा. मंडळाच्या जमाखर्चात ती रक्कम दिसतच नाही आणि वर्गणीची फेरी बंद पडते. पुढे तिकीट कापलं गेलं की साहेब फिरकत नाहीत, पावतीपुस्तक घेऊन दारोदार जाणारी पोरंही पांगलेली असतात. खरं तर पक्षांना हवी असतात ती हीच पोरं. कुठल्या घरात किती माणसं, कोण कुणाचं ऐकतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. निवडणुकीत मतदार चिठ्ठ्या तीच वाटतात.

म्हणून एका देणगीदाराची रक्कम एकूण खर्चाच्या चौथाईच्या वर नेऊ नका, तसा ठराव इतिवृत्तात लिहा. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालची परवानगी काढा. कमानीला पालिकेची परवानगी वेगळी लागते. विनापरवाना फलकावर १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो, आणि नोटीस बहुधा मंडळाच्या अध्यक्षाच्या हाती पडते. आचारसंहिता लागलीच तर फोटो त्याच दिवशी उतरवा.