पहिल्या अल्बमात समुद्र किती असावा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संथ इलेक्ट्रॉनिक संगीताचे नऊही ट्रॅक मिळाले. सूर नीट जुळलेत, घाई कुठेही नाही, आणि पहिल्याच अल्बमात एवढा धीर धरणं सोपं नसतं. पण नऊपैकी सात ट्रॅकमध्ये लाटा आहेत, त्याही पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत. बाकीचं नंतर बघू, आधी हे सोडव.

फुटणाऱ्या लाटेचा आवाज एका पट्टीत नसतो. खालच्या घुमण्यापासून वरच्या फेसापर्यंत तो सगळी जागा व्यापतो. तुझ्या पॅडचे (सिंथसायझरच्या लांबवलेल्या सुरांचे) वरचे स्वर आणि रिव्हर्बची, म्हणजे घुमाऱ्याची, लांब शेपटी त्याच जागेत विरत असतात, म्हणून ती झाकली जातात. मग तू पॅड वाढवतेस, लाटा मागे पडल्या असं वाटून त्याही वाढवतेस, आणि शांत असायला हवा तो ट्रॅक दाटून येतो. शिवाय कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत असा सूर नसलेला, पसरट आवाज सगळ्यात आधी बिघडतो.

लाटा दोन, फार तर तीन ट्रॅकमध्ये ठेव. तिथेही २०० हर्ट्झच्या खालचं काप आणि १.५ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तीन-चार डेसिबल उतरव, म्हणजे सुरांना वाट मिळेल. पॅड लाटेबरोबर चढवू नकोस. लाट ओसरताना ते वर यायला हवं. हे काम ऑटोमेशनने, म्हणजे आवाजाच्या चढउताराची रेघ हाताने ओढून कर. साइडचेनवर (एक आवाज आला की दुसरा आपोआप दबवणारी सोय) टाकलंस तर प्रत्येक लाटेला पॅड दचकून दबतं आणि ऐकणाऱ्याला ती युक्ती लगेच कळते.

हेदवीच्या बामणघळीचं, समुद्राकाठच्या कातळातल्या त्या चिंचोळ्या घळीचं, रेकॉर्डिंग मात्र पुन्हा करावं लागेल. घळीत पाणी घुसल्यावर आधी खालून धक्का येतो, मग उडालेल्या पाण्याचा शिडकावा. तुझ्या फाइलमध्ये धक्का फाटलाय, कारण लेव्हल मधल्या शांत पाण्यावर लावली आहे. आधी पाच मिनिटं नुसतं ऐक, सगळ्यात मोठा उसळा उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही असं लाव, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर सलग वीस मिनिटं घे. रेकॉर्डरचा लो-कट (खालचा आवाज कापणारी सोय) इथे बंद ठेव. एरवी तो वाऱ्यासाठी ८० हर्ट्झवर लावतो, पण इथे नेमका तो धक्काच कापला जाईल.

मग वाऱ्याचं काय? नुसता स्पंज पुरत नाही, केसाळ कव्हर हवंच. पण खरं उत्तर वेळ निवडण्यात आहे. पहाटे मतलई (जमिनीकडून येणारा) वारा मंद असतो, दुपारकडे खारा (समुद्राकडून येणारा) वारा जोर धरतो. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेला साधारण मध्यान्हीच्या सुमारास येते, म्हणजे ऐन वाऱ्यात. दुसरी मध्यरात्रीकडे, आणि मध्यरात्री त्या कातळावर जायचं नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी जा. भरती सकाळी नऊ ते साडेदहाच्या आसपास मिळेल आणि पाण्याला जोरही असेल. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घे. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत घळ फारशी बोलत नाही. खडक जिथवर ओला दिसतो त्याच्या बरंच मागे उभी राहा, कुणाला तरी बरोबर ने, आणि पावसाळ्यात तिकडे फिरकूही नकोस.

पावसाळ्यासाठी घराची पडवी आहे की! पत्र्यावरचा पाऊस टोचतो आणि मिक्समध्ये कुठेच बसत नाही. कौलांवरचा मऊ असतो, पण मला त्याहून पागोळ्या मोलाच्या वाटतात, कारण त्यांचा थेंब न् थेंब सुटा ऐकू येतो. पागोळीखाली रिकामी मातीची घागर ठेव, माइक तोंडापासून वीतभर बाजूला, शिंतोडे उडणार नाहीत असा. घागर भरत जाते तसा आतल्या हवेचा स्तंभ आखूड होतो आणि सूर वर सरकत जातो. ही सरकन पिच-करेक्शनने सरळ करू नकोस. सुरुवातीचा सूर कोणता ते ट्यूनरवर बघ, तो षड्ज धरून सिंथ लाव आणि घागरीला सिंथपासून दूर जाऊ दे. तुझ्या पाचव्या ट्रॅकला हेच हवंय. त्या हवेत कंडेन्सर माइक ओल धरतो आणि लाह्या फुटल्यासारखा तडतडतो. काम झालं की कोरड्या फडक्याने पूस आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेव. समुद्रावरून आल्यावरही हेच, मिठाने जॅक हिरवे पडतात.

तिसऱ्या आणि आठव्या ट्रॅकखाली ५० हर्ट्झची गुणगुण आहे. कातळावरच्या घरांत अर्थिंग नीट लागत नाही, त्यामुळे हे फार होतं. ५०, १०० आणि १५० वर अरुंद नॉच (तेवढाच सूर कापणारा फिल्टर) लावून बरंचसं निघेल, पण लॅपटॉप बॅटरीवर चालवून पुन्हा घेतलंस तर सगळ्यात स्वच्छ.

लूपची, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यांची, लांबी १६, २४ आणि ३२ सेकंद ठेवली आहेस. हे तिन्ही दर ९६ सेकंदांनी पुन्हा एकत्र येतात, म्हणून दुसऱ्याच मिनिटात कान पुढचं ओळखतो. १७, २३ आणि २९ करून बघ. ते पुन्हा जुळायला ११,३३९ सेकंद, म्हणजे तीन तासांहून जास्त लागतात. दहा मिनिटांच्या ट्रॅकमध्ये तीच मांडणी दोनदा येणारच नाही. रिव्हर्ब नऊ सेकंदांचा राहू दे, फक्त त्याच्या रिटर्नवर (परत येणाऱ्या घुमाऱ्यावर) २५० हर्ट्झच्या खालचं काप. चिखल तिथेच साचलाय.

शिमग्याच्या ढोलाचा तुकडा सुंदर आहे. वाजवणाऱ्यांना विचारलंस का? लेखी परवानगी घे, नावं क्रेडिटमध्ये घाल आणि मानधन आधी ठरव. हे झाल्याशिवाय तो ट्रॅक बाहेर जाता कामा नये.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या आवाज-जुळणीत, उणे १४ लफ्सच्या (एकूण जाणवणाऱ्या आवाजाचं माप) मागे लागू नकोस. या संगीताला उणे १८ ते २० शोभतं, ट्रू पीक (आवाजाचं सर्वोच्च टोक) उणे १ च्या खाली ठेव. सगळे ट्रॅक एकाच टाइमलाइनवर ओळीने लाव आणि जोड तिथेच ऐक. सुटे एक्स्पोर्ट केलेस की एमपीथ्रीत दोन ट्रॅकमध्ये बारीक खाच पडते, म्हणून डिस्ट्रिब्युटरला (गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या कंपनीला) न दाबलेली वेव्ह फाइलच दे. एकूण लांबी चाळीस मिनिटांच्या आसपास आण. पुढे कधी व्हिनाइल काढायची झाली तर एका बाजूला वीसेक मिनिटं नीट बसतात.

नुसत्या लाटांचा शेवटचा ट्रॅक तर मी काढूनच टाकेन. स्पॉटिफायवर असे निसर्गाचे आवाज संगीतापासून वेगळे धरले जातात, दोन मिनिटांपेक्षा लहान असले तर त्यांना रॉयल्टीच मिळत नाही, आणि तुझा दीड मिनिटाचा आहे. प्लेलिस्टसाठी त्यांच्याकडे पाठवायचं ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी, पण तू महिनाभर हाताशी ठेव. आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक, डिस्ट्रिब्युटर देतो, प्रत्येक ट्रॅकचा क्रमांक वहीत उतरवून ठेव, पुढे डिस्ट्रिब्युटर बदललास तर तोच लागेल.

आधी पाचवा ट्रॅक पाठव. घरी सर्वांना नमस्कार.

कळावे.